छबूचं फुलपात्र

केशव वकील : या दोन फुलपात्रांतलं तुमच्या हातचं कोणतं, सावळाराम?

सावळाराम : हे, काळवंडल्यालं. ते झगझगीत कारखान्याचं. मगाशी तुमच्या बारामतीच्या पेठंतनं घेतलं.

केशव वकील : आकार अगदी एकच आहे.

सावळाराम : चोरीच हाय ही! आमच्या छबूचा उजवा हात तापात लुळा पडला. डाव्या हातानं प्यायला जायची अन् भांडं निसटायचं. रडायची पोर. मग मी पितळंला ठोकून ह्या खळ्या काढल्या. हितं अंगठा, हितं बोटं. धरून बघा, उजव्या हाताला बसतच न्हाय.

केशव वकील : खरंच की. कारखान्याचंही बसत नाही.

द्वारकाबाई : खळ्या कशापायी हायत, ते कोन इचारतंय, वकीलदादा? दिसल्या, उचलल्या.

सावळाराम : मला पैसा नको. ते बनवायचं बंद करा, एवढंच. दुकानात माळ करून टांगल्यात.

केशव वकील : मुलगी कशी आहे आता?

द्वारकाबाई : गेली, दादा. दुसरा ताप सोसला न्हाय तिला.

केशव वकील : अरेरे… हे बघा, आकारावरही मालकी मिळते, तसा कायदा आहे. कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत नोंद करायची. पण वस्तू त्याआधी लोकांत गेलेली नसावी. कुणाला विकलीत?

सावळाराम : देवाशपथ, एकबी न्हाय!

केशव वकील : मग लढता येईल.

द्वारकाबाई : इकली न्हाईत. वाटली.

सावळाराम : गप गं तू!

द्वारकाबाई : वकिलापाशी काय लपवायचं? मेल्या माणसाच्या नावानं भांडं दान करत्यात. एका भांड्यानं माझं मन भरंना. मीच म्हनले, आपल्या निमगावातल्या समद्या पोरांना द्या, अगदी तिच्या हाताच्या मापाचं. बाजारात एका यापाऱ्यानं ते पोराच्या हातात बघितलं. खाऊ देऊन घिऊन गेला, अन् कारखान्यात तसंच निघालं.

केशव वकील : मग संपलंच, बाई. विकलं काय, वाटलं काय, कायद्याला सारखंच. गावभर गेलेला आकार नवा धरत नाहीत.

सावळाराम : ऐकलंस? तुझ्या दानानं घालवलं!

द्वारकाबाई : ती भांडी ठोकताना तुमी रडत व्हता, तवा मला का न्हाय अडवलंत?



सावळाराम : …त्येवढं ठोकनंच हातात उरलं व्हतं, द्वारके.

केशव वकील : मला फार वाईट वाटतं. तुमचं भांडं घ्या. हे दुसरंही नेताय ना?

सावळाराम : ते मोडीत टाका. नजरंसमोर नको.

द्वारकाबाई : न्हाय, न्हाय! आना हिकडं. त्यातबी तिचाच अंगठा हाय. मोडीत कसा टाकू?