मुठीतली चावी

आमी मूळचे मूर्तिजापूरचे. बाप बैलबाजारात दलाल, मीबी त्याच्या मागं फिरून दलालीच शिकलो. आता बैलाचा सौदा तोंडानं होत नाई, तुमाले माहीत असन नसन म्हणून सांगतो. देणाऱ्याचा अन् घेणाऱ्याचा हात एका दुपट्ट्याखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूच्याले कळू द्यायचा नाई. ना कागद, ना साक्षीदार. अन् तो सौदा जो मोडे, त्याच्या दारात माहा बाप पाणीबी प्याला नाई.

मंग ती वाईट सालं आली. काय सांगू तुमाले, बाजारात बैल उभे अन् घेणारा नाई, सारेच विकणारे, दुपट्टा दिवसभर खांद्यावरच. मी बैल सोडले, कापसातली सरकी काढाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मशिनी विकून द्याची दलाली धरली. लोकं म्हणत, रशीद मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाते. म्हणा. माया घरातली चूल तुमी पेटवाल काय?

अकोल्याकडं एक जुनी जिनिंग होती. मालक म्हातारे, कापूस येणं बंद झालं तसं त्यायनंबी कुलूप लावलं. तिथं गाठीच्या शेडात बारदान्याखाली एक गाडी पायली. विलायती स्पोर्ट गाडी, दोन माणसांची, वर छत नाई, नाक हे एवढं लांब. जवानीत मालक तिच्यात बसून अमरावतीले जात. मी नुसता हात फिरवत राहिलो तिच्यावर. मालकानं ते पायलं.

त्यायच्या मशिनी मी विकून देल्ल्या, अन् हिशोबाच्या दिवशी हापिसात त्यायचा पोरगा होता, पुण्यात राह्यते तो, अजून दोन सोयरे. मालकानं माया खांद्यावरचा दुपट्टा ओढला अन् म्हणे, बोल रशीद, तुयी दलाली सांग. मी खाली बोटं दिली. त्यायनं माही एकेक बोट मिटवलं, म्हणजे दलाली नाई, अन् मिटलेल्या मुठीत गाडीची चावी सरकवली. वरून फक्त एवढं म्हणे, चालती कर तिले. झाला सौदा. दलालीच्या बदल्यात गाडी माही.

घरी आणली तं बायको म्हणे, अजी, ही बसायची हाय का रडायची? आतलं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. हो, लाकूड, त्या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असते. मी मोडीत निघालेली एक बंडी, म्हणजे बैलगाडी, घेतली अन् तिच्या बाभळीचा सांगाडा बसवला. आपले पाने तिच्या नटाले बसत नव्हते, जिनिंगच्या पेटीतले जुने पाने बरोब्बर बसले, मशिनी अन् गाडी एकाच मुलखातून आलेल्या ना. इंजिन फुटलेलं होतं, जीपचं टाकलं. ते उंच, म्हणून बोनेट कापून वर उचललं. आपल्या उन्हात पाणी उकळे, म्हणून मोठं रेडिएटर लावलं. शीटमधी कापूस भरला, जिनिंगचा शेवटचा, मालकानंच पाठवला. ती चालू झाली तवा मी मालकाले बसवून मूर्तिजापूरपर्यंत नेलं. म्हातारं सारा रस्ता दारावर हात वाजवत होतं.

मालक वारले अन् पोरगा ट्रक घेऊन दारात. म्हणे, रशीदभाई, बाबांची गाडी दुरुस्त केली, चांगलं केलं, आता घेऊन जातो. मी म्हटलं, गाडी माही हाय, तुया समोर सौदा झाला. म्हणे, मी तं काही ऐकलं नाई. म्हटलं, दुपट्ट्याखाली झाला. तो हासला बावा. म्हणे, चावी दुरुस्तीले दिली होती, अन् तुमी हे जीपचं धूड टाकून ओरिजिनल गाडीची वाट लावली.

मले चोर म्हटलं असतं तं बसून बोललो असतो. पण हासला. माया डोक्यात असं काही पेटलं, म्हटलं, थांब, तुया बापाचं तुले देतो, माहं मी ठेवतो. अन् काढत गेलो. इंजिन काढलं, चाकं काढली, रेडिएटर, बाभळीचा सांगाडा, वायरा, सारं. शीट फाडले, रेक्झिन माहं, कापूस त्याचा, ट्रकावर फेकला. बायको हात धरून राहिली, नका करू, नका करू. मी आयकलं नाई. त्यानंबी पत्रा, दिवे, स्टेअरिंग चढवलं अन् गेला. कापूस उडून साऱ्या आंगणात पसरला होता. बायको वेचत वेचत म्हणे, झालं समाधान? ना त्याची राहिली, ना तुमची.

आता ते इंजिन आंगणात टिनाखाली पडून हाय. गिऱ्हाईक येतात, मी विकत नाई. लोकं म्हणतात, रशीदभाई, पुन्हा जीपमधी टाका. काहून टाकू? कापसाची बायकोनं गादी शिवली, तिच्यावर नातू झोपते. मी अजून सौदे करतो, पण दुपट्टा घरी ठेवून जातो, जे बोलायचं ते चार लोकांत तोंडानं बोल म्हणतो.

एक गोष्ट तेवढी त्याले दिली नाई. चावी. त्यानं मागितली, मी म्हटलं, हे तुया बापानं माया मुठीत देल्लं. हे पाहा, खिशातच असते. लावाले काही नाई हिले, तरी असते. म्हातारं जिथं असन तिथं देव त्याले सुखात ठेवो. त्याचा हात खरा होता. माही मूठ त्यानं अशी दाबली होती, पाहा, अशी.