रबराच्या आजी

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पुस्तकं परत करायची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेतल्या एका निवृत्त पोस्टमनने पुस्तक काखेत मारलं आणि कान टवकारले. पुढे घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एक मावशी आणि त्यांना सेविकेच्या परीक्षेत नापास करणाऱ्या प्राध्यापिका उभ्या होत्या.

"पुस्तक परत कशाला करताय, मावशी? पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे."

"तोंडपाठ झालंय, मॅडम. पुस्तकापायी नापास नाही झाले मी."

"वेळेपायी झालात. रुग्णाची कूस बदलायला चार मिनिटं होती, तुम्ही सात घेतलीत."

"आधी विचारलं ना, 'आजी, वळवू का?' म्हणून."

"अहो, ती रबराची बाहुली होती!"

"दिसत होतं की. पण वीस वर्षांची सवय. हात लावायच्या आधी तोंडातून निघतंच."

"वर उत्तराची वाट बघत थांबलात!"

"म्हातारी माणसं पटकन बोलतात होय? माझ्या एका आजींना नुसतं 'हं' म्हणायला दोन मिनिटं लागायची. न विचारता वळवायला ते काय पोतं आहे?"

"पटतं हो. पण आमच्या परीक्षेत वेळच मोजतात. गुणांच्या तक्त्यात 'विचारलं का' असा रकानाच नाही."

"मग आखा की! पट्टी-पेन्सिल तुमच्याचकडे आहे."

"इतकं सोपं नसतं ते. या खेपेला फक्त गप्प राहा, प्रमाणपत्र हातात पडेल."

"परीक्षा देईन, मॅडम. पण गेल्या खेपेला मी तीनच मिनिटं थांबले. आता ती बाहुली 'हो' म्हणेपर्यंत थांबणार."