डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष गंगाराम परब, व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या गॅरेज संघाचे पदाधिकारी, उत्सवमूर्ती लिओन, त्याची आई रोझाबाय, आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानांची दारं अर्धी ओढून आलेल्या कसालच्या बंधुभगिनींनो,

मी लवू चिंदरकर. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, भाषण कधी केलं नाही. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, बायकोने, आमच्या यशोदेने, तीन.

लिओन आता पोर्तुगालला चाललाय. नऊ वर्षं तो माझ्या गॅरेजात होता, शेवटची पाच भागीदार म्हणून. इथे आधी बोललेल्या सगळ्यांनी त्याच्या लॅपटॉपचं कौतुक केलं आणि माझ्या कानाचं. ‘लवूकाका नुसतो आवाज आयकान रोग सांगतत.’ बरं वाटतं हो ऐकायला. पण आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

चार वर्षांपूर्वी हे समोर बसलेत ते मालवणचे देवेश त्यांची जुनी गाडी घेऊन आले. म्हणाले, टर्बो बसवा. बसवला. आता टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, जुन्या वेळेला ठिणगी टाकतो. लिओन म्हणाला, बाहेरचा कॉम्प्युटर घेऊ, पेट्रोलचे आणि ठिणगीचे आकडे आपल्याला हवे तसे भरता येतील असा. मी उसळलो. ‘कित्याक रे? माजे कान काय मेले?’

आम्ही दोघं गाडी घेऊन हायवेवर निघालो. तळेऱ्याच्या दिशेने चढाला मी ॲक्सिलरेटर दाबला आणि म्हटलं, ‘बघ, गाडी कशी मऊ चलता!’ लिओन हळूच म्हणाला, ‘काका, गाडी बाजूक घेवा.’ का म्हणून विचारलं तर म्हणाला, पाणी पिऊचा आसा. परत येताना गाडी त्यानेच चालवली, अगदी सावकाश.

त्या चढावर इंजिन नॉक करत होतं, मंडळी, हे मला मागाहून कळलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा बारीक, कडक आवाज. आणखी दोन मिनिटं तसंच दाबलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं. मला तो आवाज आला नाही. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लिओन माझ्याशी बोलायचं असलं की काम टाकून समोर येऊन उभा राहायला लागला. मला वाटलं, पोर सुधारलं!

मग कॉम्प्युटर निवडायची वेळ आली. देवेशना रंगीत पडद्याचा हवा होता, मित्राच्या गाडीत होता तसा. लिओन हटून बसला. म्हणाला, ज्याला नॉक सेन्सर जोडता येतो आणि ज्यातून दिव्याची वायर काढता येते, तोच घ्यायचा. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळायचा कानच. मी ओरडलो, देवेश रुसले, हा बाबा ढिम्म हलला नाही. डॅशबोर्डवर माझ्या नजरेसमोर त्याने एक तांबडा दिवा लावला. म्हणाला, ‘गिऱ्हाइकासाठी आसा, काका.’

पुन्हा तोच चढ. मी चालवतोय, मागे देवेश, शेजारी लिओन लॅपटॉप मांडीवर घेऊन ठिणगीच्या कोष्टकातले आकडे बदलतोय. एकाएकी दिवा लागला. माझ्या कानाला काहीच नाही, आणि दिवा आपला लागलेला! मी पाय उचलला. लिओनकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही, फक्त म्हणाला, ‘ठिणगीची वेळ किती मागे घेऊ, काका?’ मी म्हटलं, दोन डिग्री. दिवा कोणासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

गॅरेजात परतल्यावर देवेश उतरून चार लोकांना म्हणाले, ‘लवूकाकांनी चालत्या गाडीत नुसत्या कानाने नॉक पकडला!’ लिओन मोठ्याने ‘व्हय तर!’ म्हणाला. आणि मी गप्प बसलो. त्यानंतर टर्बोच्या जेवढ्या गाड्या आल्या, प्रत्येकीत दिवा लागला आणि नाव माझं झालं. चार वर्षं मी ते फुकट खाल्लं.

परवा सामान भरताना लिओन म्हणाला, ‘सगळ्या वायरी तुमका दाखयल्यात. कोणाक काय सांगू नकात.’ किती सांभाळायचं रे एखाद्या म्हाताऱ्याला! पण उद्या एखाद्याने ‘लवूकाकांचा कान’ म्हणून बिनदिव्याची गाडी हातात दिली आणि इंजिन फुटलं, तर? म्हणून सगळ्यांसमोर सांगतो: मला नीट ऐकू येत नाही. दिव्याशिवाय मी टर्बोची गाडी बाहेर काढणार नाही. ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, माझा राग नाही.

रोझाबाय, तुमचा मुलगा आम्ही नऊ वर्षं वापरला, त्याबद्दल तुमचे आभार. सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला, आणि रागवायचंच असेल तर समोर येऊन, मोठ्याने रागवा.

आणि लिओन, पोचल्यावर नुसतो फोन करू नको. व्हिडिओ लाव. तुजा तोंड दिसला की माका सगळा आयकाक येता.