नडगीचा एक्स-रे

काकू आता नाहीत, म्हणून सांगतो. काकू म्हणजे माझा मित्र सुहास याच्या आई. २००५ मध्ये त्या बीडहून अमेरिकेत त्याच्याकडे आल्या होत्या, तेव्हा आम्ही तिघं युटाला फिरायला गेलो. वाळवंटातल्या एका कॅन्यनच्या तोंडाशी छोटं म्युझियम होतं. तिथल्या बाईने गुहेत सापडलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या मुलाच्या नडगीचा एक्स-रे दाखवला. हाडं आदिवासींना परत दिली होती, हा फोटो तेवढा उरला होता.

"या आडव्या पांढऱ्या रेघा बघा," ती म्हणाली. "उपासमारीत मुलाची वाढ थांबते. पुन्हा खायला मिळालं की हाडावर अशी रेघ उमटते."

मी काकूंना ते मराठीत सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाण्यावर दिवस काढले. सुहास चार वर्षांचा होता, पण त्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही."

दुपारी कॅन्यनमध्ये उतरताना सुहास घसरला. क्लिनिकमध्ये काकूंना बाहेर बसवून मी त्याच्याबरोबर आत गेलो.

"फ्रॅक्चर नाहीये, यू आर लकी," डॉक्टर म्हणाला.

सुहास एक्स-रेकडे बघतच राहिला. त्याच्या नडगीवर तीन रेघा होत्या.

"अरे, आजारपणातही येत असतील," मी म्हटलं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने काकूंना सांगितलं, "हाड एकदम पक्कं आहे, आई. तुझ्या हातचं खाल्लंय ना."

काकू हसल्या. तो लंगडत गाडीकडे गेला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"किती रेघा होत्या रे?"