बांधलेलं बटण

मी, लॉन्ड्रीतली मोठी, वय एक्केचाळीस, धंदा इस्त्रीकाम, राहणार लॉन्ड्रीमागची गल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगते की, धाकटी ही माझी सख्खी जाऊ. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या चादरी वाफेच्या प्रेसवर करतो. प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचं झाकण खाली येतं, म्हणजे हात मध्ये राहत नाही.

आमचे सुपरवायझर कधी हुकूम सोडत नाहीत. गोड हसून म्हणतात, "वहिनी, एक सजेशन आहे." ते ऐकलं नाही की दुसऱ्या दिवशी वॉचमन आत सोडत नाही. शिवणवाल्या मावशींचं तेच झालं. मागच्या आठवड्यात धाकटीला सजेशन मिळालं: उजवं बटण दाबलेलंच राहील असं चिंधीने बांधून टाका, डावं दाबा, उजव्या हाताने चादर सारखी करा, काम पटापट उरकेल. मी म्हटलं, "अहो, हात जाईल एखादीचा!" तर म्हणे, "मग तुमचं सजेशन पेटीत टाका." त्या पेटीवर चहाचे कप ठेवतात. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

आज सकाळी धाकटीचा हात आत असताना झाकण आलं. ती ओरडली नाही. "ताई, काढ गं," एवढंच म्हणाली. झाकण वर घेतलं तेव्हा कातडं त्यालाच चिकटून वर गेलं. पुढचं मला विचारू नका.

सुपरवायझर धावत आले. तिच्याकडे ढुंकूनही न बघता आधी चिंधी सोडायला लागले. म्हणाले, "मी फक्त सजेशन दिलं होतं. बांधलं तिनंच." माझं डोकं फिरलं. बाजूच्या टेबलावरची गरम इस्त्री उचलून त्यांच्या थोबाडावर हाणली. खाली पडले, तरी हाणली. किती वेळा, ते मोजलं नाही. दात पडले ते माझ्यामुळेच. वाईट वाटत नाही, तसंच लिहा. मला खुशाल आत टाका, पण दोष धाकटीच्या माथी मारू नका. त्यांच्या मुठीतून ओढून घेतलेली चिंधी तुमच्या टेबलावर ठेवली आहे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी "बटण बांधण्याचे सुचवले" असं लिहिलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "बांधायला लावले" केलं, तिथे मी सही केली आहे. बाकी सगळं मी बोलले तसंच आहे.

धाकटीचा जबाब घ्यायला जाल तेव्हा शाईचं पॅड न्या. ती सही उजव्या हाताने करायची.