भिंतीपलीकडची डोरीन

(श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. सकाळ. शोभाचं स्वयंपाकघर. तिची मुलगी वल्लरी सहा वर्षं इंग्लंडमध्ये राहून काल परत आली आहे.)

शोभा : पण नोकरी सोडायची काय गरज होती? महिनाभर सुट्टी काढायचीस.

वल्लरी : मागितली होती, आई. डोरीन गेली तेव्हा. मॅनेजरनं विचारलं, ती तुझी कोण? मी म्हटलं, नेबर. ती खूप छान बोलली, पण म्हणाली की ती सुट्टी फक्त फॅमिलीसाठी असते.

शोभा : नियमच असेल तसा.

वल्लरी : हो, तिची चूक नाही. मलाच दुसरा शब्द सुचला नाही.

शोभा : आणि तुझ्या बाकीच्या मैत्रिणी? दर शुक्रवारी लॅबमधले सगळे मिळून बाहेर जायचात. रविवारी कुणाकडे तरी जेवायला असायचीस. मी इथे सगळ्यांना सांगायचे, वल्लरीनं शेफील्डमध्ये चांगला जम बसवलाय म्हणून.

वल्लरी : रविवारी मी डोरीनकडे असायचे. प्रत्येक रविवारी. तुला फोनवर सांगताना 'फ्रेंड्सकडे' म्हणायचे.

शोभा : बाकी कुणीच नव्हतं?

वल्लरी : होते ना. वाईट कुणीच नव्हतं. पण पहिल्या वर्षी मला कळायचंच नाही. तिथे 'ऑल राइट?' असं विचारतात ना, ते फक्त हॅलो असतं. मी खरं उत्तर द्यायचे. झोप झाली नाही, घरची आठवण येते. समोरचा माणूस कप हातात धरून अडकून पडायचा. मग लॅबमधली फियोना एकदा म्हणाली, यू मस्ट कम राउंड सम टाइम. मी त्याच रविवारी केक करून तिच्या दारात उभी राहिले.

शोभा : मग?

वल्लरी : तिनं दार उघडलं. आत तिचे आईवडील जेवायला बसलेले. ती इतकी ऑकवर्ड झाली की मीच म्हटलं, इथून जात होते, सहज आले. केक द्यायचासुद्धा राहिला. तसाच परत घेऊन आले. शेजारच्या दारात डोरीन कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होती. तोपर्यंत आमचं नुसतं हात हलवण्यापुरतं होतं. तिनं विचारलं, ऑल राइट, लव्ह? मी तर रडायलाच लागले. तिनं डबा तिथेच सोडला आणि म्हणाली, आत ये. केकही आण.

शोभा : हे मला कधी सांगितलं नाहीस.

वल्लरी : तू काळजी केली असतीस. मग ते रविवारचं ठरूनच गेलं. ती माझ्यासाठी बटाटे आणि भाज्या मांसापासून वेगळ्या ट्रेमध्ये भाजायची. मी थालीपीठ नेलं की त्यावर संत्र्याचं मार्मलेड लावून खायची. बुधवारी मी तिला लायब्ररीत न्यायचे. कुणी भेटलं की ती सांगायची, ही माझी अमेरिकन मुलगी. इथे मला शाळेपासून सगळे इंडियन म्हणायचे. अमेरिकन मी तिथेच झाले.

शोभा : बाबा गेल्यावर तू परत गेलीस, तेव्हाही तिनंच पाहिलं ना तुझं?

वल्लरी : तीन महिने. हॉस्पिटलमध्ये बाबांच्या बेडशेजारी अकरा दिवस बसले होते ना, ते मिटलेल्या डोळ्यांपुढून जायचंच नाही. जेवण उतरायचं नाही. ती रोज सूप घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसायची. बोलायची काही नाही, विणत बसायची.

शोभा : हं.

वल्लरी : आणि मार्चमध्ये तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी इथे आले. यायला मन होत नव्हतं. तिचे पाय सुजले होते, जिना चढताना दम लागायचा. पण ती म्हणाली, हे म्हातारपण आहे, आईकडे जा. माझे कपडे तिनं घड्या करून बॅगेत भरले. मग इथून दुसऱ्या रविवारी मी फोन केला तर उचललाच नाही. सोमवारी हॉस्पिटलला केला. ते म्हणाले, फॅमिली नसाल तर सांगता येत नाही. तिकीट बदलून मी पोचले, तर ती जाऊन चार दिवस झाले होते.

शोभा : फ्युनरलला तरी होतीस ना?

वल्लरी : होते. पंधरा-सोळा माणसं. फियोना माझ्यासाठी आली होती, शेजारी बसली. मला अपेक्षा नव्हती. तिथे डोरीनचा भाचा कीथ भेटला. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारच्या घरातली. तो म्हणाला, ओ, दि अमेरिकन. मग म्हणाला, डोरीननं नर्सला बजावून सांगितलं होतं, माझी मुलगी तिच्या घरी गेलीये, तिला कळवायचं नाही. तेव्हापासून मला तेच खातंय, आई. तिला मी नको होते का तिथे?

शोभा : नाही गं. तसं नाही.

वल्लरी : मग कसं? मी इतकी वर्षं तिची कुणीतरी आहे असं समजत होते. कदाचित मी पुन्हा दारात केक घेऊनच उभी होते.

शोभा : वल्लरी, तो गॅस बंद कर आणि बस इथे.

वल्लरी : का?

शोभा : बस. डोरीनबाईंनी मला फोन केला होता. फेब्रुवारीत.

वल्लरी : तुला? का?

शोभा : तू मला त्यांचा नंबर देऊन ठेवला होतास आणि त्यांना माझा. हळूहळू बोलत होत्या, मला समजावं म्हणून. म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय, हृदय थकलंय, काही आठवडे आहेत. वल्लरीला माहीत नाही. तिनं वडिलांचं सगळं पाहिलं, ते पुन्हा तिला पाहायला लावू नका. तिला घरी बोलावून घ्या.

वल्लरी : आणि ऑपरेशन?

शोभा : डॉक्टर म्हणाले होते, सवडीनं केलं तरी चालेल. मी मार्चची तारीख मागून घेतली.

वल्लरी : म्हणजे मी इथे तुझ्या डोळ्यात ड्रॉप्स घालत होते, आणि तुला माहीत होतं.

शोभा : हो. तू त्या रविवारी पुन्हा पुन्हा फोन लावत होतीस, मी समोर बसले होते. तीनदा तोंडापर्यंत आलं. पण शब्द दिला होता.

वल्लरी : फक्त म्हणून?

शोभा : नाही. खोटं कशाला बोलू? तुझे बाबा गेल्यापासून हे घर मला खायला उठतं. डोरीनबाईंनी सांगितलं आणि मला वाटलं, चला, वल्लरी येईल. मी त्या बाईच्या मरणाचा विचार नंतर केला. आधी माझाच केला.

वल्लरी : माझ्याकडे बघू नकोस आत्ता.

शोभा : नाही बघत.

वल्लरी : तिचा हात धरायला कुणी नव्हतं, आई. कीथ ब्रिस्टलहून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शोभा : मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही एकट्या पडाल त्याचं काय? म्हणाल्या, मला एकटीनं राहायची सवय आहे, तिला नाही.

वल्लरी : तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शोभा : सुचलं होतं. विचारलं नाही.

वल्लरी : मला तुझा राग आलाय. तो लवकर जाईल असं वाटत नाही.

शोभा : राहू दे. इथे राहून राग धर. परत जायचं असेल तर जा, मी आता कुठलंच कारण काढून बोलावणार नाही.

वल्लरी : मी तिथे थांबले असते, आई. शेवटपर्यंत.

शोभा : त्यांना माहीत होतं, बाळा. म्हणूनच त्यांनी फोन तुला नाही केला.