मुका गडी

...आणि तीन पुस्तकं! एक नाही, दोन नाही, तीन! एकावर एक ठेवली तर म्हशीच्या गव्हाणीला टेकण होईल एवढी जाड, आणि कशासाठी? तर खेळासाठी! अहो, आम्ही पण खेळलो लहानपणी. सूरपारंबीला, विटीदांडूला पुस्तक होतं का? विटी उडाली, दांडू फिरला, भांडण झालं, संपले नियम. आणि इथं तोंड उघडायचं म्हटलं तरी जयराज बोट वर करणार, "थांबा आबा. पुस्तकात आहे."

तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस. चौथीपर्यंत शाळा, तीही सुगी सोडून. पण हे पोटात ठेवून बसलो तर झोप यायची नाही, म्हणून बोलतोय.

हा जयराज म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, हिंदुरावदादाचा नातू. पुण्याला शिकायला गेला आणि हा खेळ घेऊन पलूसला आला. गोल करून बसायचं, प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं, जयराज गोष्ट सांगणार, आपण म्हणायचं माझा गडी हे करतो, माझा गडी ते करतो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. फासा तरी साधा असावा? वीस तोंडांचा! एवढी तोंडं रावणाला नव्हती!

मग तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तू कशाला गेलास मरायला तिथं? ऐका तर. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लेकाची लेक शिवांजली म्हणाली, "आबा, दोन माणसं कमी पडत्यात, चला की. मोठे आबा पण येणारेत." म्हटलं, मग मी न्हाई. कारण दादा माझ्याशी बोलत नाही हो. माझ्या लेकीच्या लग्नात माइकवर पाहुण्यांची नावं पुकारत होते, फेटा-नारळ द्यायला. सोसायटीचा चेअरमन झाला, विट्याचा कुणाचा कोण पाहुणा झाला, मंडपवाल्याचा मेव्हणा झाला, आणि पुकारणाऱ्यानं नवरीच्या सख्ख्या चुलत्याचंच नाव गाळलं! दादा मांडवातनं उठला तो गेला. दुसऱ्या दिवशी मी फेटा घेऊन त्याच्या दारात उभा. आतनं आवाज आला, "मान मांडवात असतोय. घरपोच मिळत न्हाई." तो शेवटचा शब्द. आता त्या लेकीची लेक शाळेत जाते.

पण शिवांजली कसली ऐकते! "आवं आबा, खेळात तुमी दोघं एकाच टोळीत हाय. टोळीतल्यानं टोळीतल्याशी बोलावंच लागतंय. नियम हाय."

खरं सांगतो, मी त्या एका नियमासाठी गेलो.

आमची बेदाण्याची शेड अजून दोघांत आहे. जमीन वाटली, विहीर वाटली, शेड तेवढी राहून गेली. तिथं पोरांनी क्रेट उलटे घालून बैठक मांडलेली. दादा आधीच बसलेला, चष्मा पुसत. माझ्याकडं बघितलं नाही. पण उठूनही गेला नाही. मला तेवढ्यानंच केवढं वाटलं!

आधी माझा गडी तयार करायचा. जयराज विचारतो, "माणूस, बुटका, की लांब कानाचा?" "लांब कानाचा कशाला रं, ससा हाय का मी?" "बरं, काम कोणतं? लढवय्या, चोर, मांत्रिक?" म्हटलं, "शेतकरी लिव." पोरगं एक पुस्तक चाळतंय, दुसरं चाळतंय, तिसरं चाळतंय... "आबा, शेतकरी नाही यात." बघा! राक्षस शंभर जातीचे आहेत, म्हातारी उडते, दगड बोलतो, पण ही एवढी सगळी जेवतात ते पिकवतं कोण? आणि अक्कल वेगळी, शहाणपण वेगळं, दोन्हीचे आकडे वेगळे! फासे टाकले, अक्कल आली सात आणि शहाणपण पंधरा. शिवांजली टाळी वाजवून म्हणते, "आबा, अगदी तुमीच!" आता हसावं का रडावं?

मग दादाची पाळी. मी जीव कानात आणून बसलो. आता तोंड उघडणार, आता बोलावंच लागणार, नियम! दादा फौजेत कारकून होता, इंग्रजी वाचतो, वीजबिलाच्या मागची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाही. त्यानं पुस्तक घेतलं, पुढनं बघितलं, मागनं बघितलं, आणि म्हणाला, "जयराज, लिही. माझा गडी मुका हाय."

मुका!

जयराज म्हणाला, "मोठे आबा, मुक्याला मंत्र म्हणता येत नाहीत." "नकोत." "मदतीला हाक मारता येणार नाही." "मारायची न्हाई कुणाला." पोरगं पानं उलटतंय, उलटतंय... चालतं म्हणे. पुस्तकात आहे! बघा, शेतकरी चालत नाही, मुका चालतो!

निघालो. एक दार आलं. मी म्हटलं, "माझा गडी दार उघडतोय." "कसं उघडतो?" "हातानं!" "आधी कान लावला का? खाली सापळा बघितला का? फासा टाका." अहो, सत्तरी ओलांडली, एवढी दारं उघडली, कुणी अशी चौकशी केली नाही! टाकला फासा, पडलो खड्ड्यात. आणि त्या खड्ड्यातनं मला काढलं कुणी? मुक्यानं! दादा जयराजला म्हणाला, "माझा गडी दोर सोडतोय." माझ्याकडं न बघताच म्हणाला, पण म्हणाला! मी वर आलो, आणि मनात म्हटलं, लागलं बहुतेक पाणी पाटाला.

मग सांज झाली, गोष्टीतली हं. जयराज म्हणाला, "मुक्काम. सगळ्यांनी शिदोरी खायची. जो खाणार नाही त्याची ताकद उतरणार. पुस्तकात आहे." दादाच्या गड्याकडं खायला काही नाही. त्यानं सगळं ढाल-तलवारीत घातलेलं. आणि माझा गडी? पुस्तकात नसला तरी डोकं शेतकऱ्याचंच की! भाकरी, ठेचा, पाण्याची कळशी, घोंगडं... एवढं वझं घेतलेलं की बिचारा सगळ्यांच्या मागनं चालायचा.

मी उठून उभा राहिलो. खेळात उभं राहावं लागत नाही, पण राहिलो. म्हटलं, "दादा, ये. जेवाय बस."

खेळातलं बोललो का खरं, माझं मलाच कळेना. जयराजलाही कळलं नसावं, कारण फासा माझ्यापुढं सरकवत म्हणाला, "आबा... मन वळवायचं तर फासा टाकावा लागेल." सख्ख्या भावाला जेवायला बोलवायला फासा! टाकला. गडगडत गेला, क्रेटच्या कडेला थांबला... वीस! शिवांजली माझ्या गळ्यात पडली, "जमलं आबा! वीस म्हंजे जमलंच!"

दादानं हात पुढं केला. माझ्याकडं नाही हो, पुस्तकाकडं. पान काढलं, बोट ठेवलं. "वाच." पोरगं वाचेना. "वाच की रं!" दादा म्हणाला, "मराठीत सांग." मग जयराज एवढ्याशा आवाजात म्हणाला, "टोळीतल्या सोबत्याचं मन फाशानं वळत नाही. ज्याचं त्यानं ठरवायचं."

तीन पुस्तकांतला तेवढा एकच नियम मला सांगितल्याबरोबर कळला.

दादा आपल्या कागदाकडं बघत बसला. कागदावर शिदोरीपुढं भोपळा, सगळ्यांना दिसत होता. एकदा त्याचं बोट त्या भोपळ्यावर थांबलं... आणि मी येडा, सरकून त्याला क्रेटवर जागा केली.

मग दादा म्हणाला, "जयराज, त्याला सांग. माझा गडी जेवून आलाय."

जेवून आलाय! कुठनं? जंगलात हाय तो! सकाळपासनं आमच्याबरोबर हाय! आता पोरगं बोट वर करणार, म्हटलं, मला साधं दार उघडू देत नाही हे पोरगं, हे कसं चालवून घेईल? मी वाट बघत राहिलो. जयराजनं पुस्तकावर हात ठेवला... आणि पुस्तक मिटलं. "बरं," म्हणाला, "जेवला."

मी माझी भाकरी परत गड्याच्या पिशवीत लिहायला लावली. शिवांजली हळूच म्हणाली, "आबा, वझं कमी करा की. एवढं घेऊन तुमी टोळीला गाठणार न्हाई."

म्हटलं, "असू दे गं बाई. उद्या त्याच्या गड्याला परत भूक लागायची का न्हाई... तेवढं जरा बघ पुस्तकात."